मदत हवी आहे: दृढीकरणाच्या वर्गात ‘प्रायश्चित्त’ आणि ‘नीतिमान ठरणे’ कसं शिकवावं?

शब्बाथशाळा_बाई

सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

श्रीरामपूर भागातल्या एका लहान प्रॉटेस्टंट मंडळीत मी दृढीकरणाचा वर्ग घेते, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्या मुलांना स्वतः विश्वासाची कबुली देण्यासाठी तयार करणारा वर्ग. मुलं नववी ते बारावीची आहेत. पाळकसाहेबांकडे आणखी गावं असल्यामुळे उपासनेनंतरचा हा तास माझ्याकडे असतो. मी शाळेत मराठी शिकवते, सेमिनरीत शिकलेली नाही. दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, मतांगीकार (मंडळीच्या विश्वासाची ठरलेली कबुली) इथपर्यंत सगळं नीट झालं. आता रोमकरांस पत्राचा तिसरा अध्याय घेतला आहे आणि गाडी तिथेच थांबली आहे.

पंचविसाव्या वचनात देवाने ख्रिस्ताला प्रायश्चित्त म्हणून पुढे ठेवलं, असं आहे. त्यावर अकरावीतली एक मुलगी म्हणाली, “बाई, पाप आपण केलं तर प्रायश्चित्तही आपणच घ्यायचं ना? ज्याच्याविरुद्ध अपराध झाला तोच कसा काय घेतो?” तिचं बरोबरच आहे. आपल्याकडे घरीदारी हा शब्द तसाच वापरतात. ज्याने चूक केली त्याने उपास करायचा, दान द्यायचं, नाक घासायचं. मी तिला न्यायाधीशाची गोष्ट सांगितली. न्यायाधीश गुन्हेगाराला दंड ठोठावतो आणि मग खाली उतरून स्वतःच्या खिशातून तो भरतो, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. तर मागून एक मुलगा म्हणाला, “दंडाचं ठीक आहे, पण फाशीची शिक्षा असेल तर? निर्दोष माणसाला फाशी देऊन गुन्हेगाराला सोडणं हा न्याय कसा?” वर्ग एकदम गप्प झाला. मुलं उत्तराची वाट बघत होती आणि मला ते उत्तर घाईने द्यायचं नव्हतं.

दुसरी अडचण नीतिमान ठरणे आणि पवित्रीकरण (देव माणसाला आतून नवं करतो ते) यांतल्या फरकाची. देव नीतिमान ठरवतो म्हणजे माणूस खरोखर तसा होतो, की देव नुसतं तसं म्हणतो? त्यात एकाने याकोबाचं पत्र काढून २:२४ मोठ्याने वाचलं. माणूस केवळ विश्वासाने नव्हे तर कृतींनी नीतिमान ठरतो, असं याकोब म्हणतो. पौल रोम ३:२८ मध्ये उलट बोलताना दिसतो.

शिवाय आमच्या मुलांचे बरेच मित्र कॅथलिक आहेत, हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला सगळे मिळून जातात. ‘ते कृतींनी तारण मानतात आणि आपण विश्वासाने’ हे वाक्य मुलांनी कुठूनतरी उचललं आहे. ते खरं नसेल तर माझ्या वर्गातून ते पुढे जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

पाठ करायला व्याख्या नकोत. मुलांबरोबर शास्त्र उघडून बसता येईल असं काही सुचवा.

पुण्याचा_सेवक

ताई, सलाम. त्या मुलीचा प्रश्न फार मोलाचा आहे. माझं सुचवणं असं की रोमकरांस पत्रातून थोडं बाहेर या आणि एक अख्खा रविवार लेवीय १६ ला द्या.

पौलाने तिथे ‘हिलास्टेरियोन’ हा ग्रीक शब्द वापरला आहे. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात हाच शब्द कराराच्या कोशावरच्या (दहा आज्ञांच्या पाट्या ठेवलेल्या पेटीवरच्या) सोन्याच्या झाकणासाठी येतो, म्हणजे आपल्या बायबलमधलं ‘दयासन’. इब्री ९:५ मध्येही तोच आहे. मुलांना आधी निर्गम २५ वाचायला सांगा: कोश, त्यावर दयासन, दोन्ही टोकांना पंख पसरलेले करूब, म्हणजे देवदूतांसारख्या आकृती. फळ्यावर चित्र काढून घ्या. मग लेवीय १६. वर्षातून एकदाच अहरोन अंतरपटाच्या आत जातो, आधी स्वतःसाठी गोऱ्ह्याचं आणि मग लोकांसाठी बकऱ्याचं रक्त बोटाने दयासनावर शिंपडतो. दुसऱ्या बकऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून लोकांची पापं कबूल करतो आणि तो बकरा रानात सोडला जातो.

एवढं झालं की मुलांना विचारा, ही सगळी व्यवस्था कोणी लावून दिली? लेवीय १७:११ मध्ये देव म्हणतो की वेदीवर प्रायश्चित्तासाठी रक्त मीच तुम्हाला दिलं आहे. म्हणजे जुन्या करारातही प्रायश्चित्ताची वाट अपराध्याने शोधलेली नाही, देवाने दिलेली आहे. शिवाय ते आसन पडद्याआड होतं, वर्षातून एकदा एकच माणूस तिथे जायचा. पौल म्हणतो की देवाने ख्रिस्ताला सगळ्यांसमोर ‘पुढे ठेवलं’. तुमच्या विद्यार्थिनीला उत्तर इथे सापडेल, आणि ते तिचं तिला सापडू द्यावं.

न्यायाधीशाची गोष्ट मी वापरत नाही. तिच्यात देवळाचं काही उरत नाही, सगळं कोर्टात जाऊन बसतं.

नगरकर_वडील

याकोबाबद्दल थोडक्यात. दोघेही अब्राहामाचंच उदाहरण देतात, पण त्याच्या आयुष्यातले दोन वेगळे प्रसंग घेतात. पौल रोम ४ मध्ये उत्पत्ति १५:६ वर बोट ठेवतो. तेव्हा सुंताही झालेली नव्हती (ती सतराव्या अध्यायात), इसहाकाचा जन्म तर पुढेच. याकोब उत्पत्ति २२ दाखवतो, जिथे इसहाक वेदीवर आहे. मधे कितीतरी वर्षं गेली आहेत. देवाने आपल्याला कशाच्या आधारावर पदरात घेतलं, हा पौलाचा विषय. तो विश्वास जिवंत होता हे कशावरून दिसलं, हा याकोबाचा. आणि याकोबाने उत्पत्ति १५:६ चं वचनही तिथेच उद्धृत केलं आहे, हे मुलांना जरूर दाखवा. मुलांकडून हे तिन्ही अध्याय क्रमाने वाचून घेतले की तुम्हाला फार बोलावं लागत नाही.

वसईचा_वाचक

मी कॅथलिक आहे. बाई, तुम्ही हा प्रश्न विचारलात याबद्दल आभार.

‘ते कृतींनी, आपण विश्वासाने’ हे वाक्य आमच्या शिकवणुकीला धरून नाही. १५४७ साली कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेने नीतिमत्त्वावर जो ठराव केला, त्यातही माणूस देवाच्या कृपेवाचून निव्वळ स्वतःच्या कृतींनी नीतिमान ठरू शकतो, हे मत नाकारलंच आहे. मतभेद होता, पण तो तुमच्या दुसऱ्या प्रश्नाच्या जागी. लूथरच्या परंपरेत भर ‘देव नीतिमान ठरवतो’ या निवाड्यावर, तर आमच्याकडे ठरवणं आणि आतून नवं करणं हे एकाच कृपेचं काम मानतात. प्रॉटेस्टंट शिकवणुकीत त्या दुसऱ्या भागाला पवित्रीकरण म्हणून वेगळं नाव आहे. दोन्हीकडे असं कुणीही म्हणत नाही की देव नुसतं तोंडाने म्हणतो आणि माणूस होता तसाच राहतो.

३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीत आउग्सबुर्ग इथे कॅथलिक चर्च आणि लूथरन जागतिक महासंघ यांनी या विषयावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. आपल्या कुठल्याही पुण्याईमुळे नव्हे, तर केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरील विश्वासाने देव आपल्याला स्वीकारतो, असा त्याचा गाभा आहे. २००६ मध्ये मेथडिस्टही (प्रॉटेस्टंटांचाच एक पंथ) त्यात आले. सगळे मतभेद मिटलेले नाहीत, पण मुलांना हे कळायला हवं.

पापनिवेदनानंतर आमचे धर्मगुरू जे प्रायश्चित्त सांगतात, ते क्रूसावरच्या प्रायश्चित्ताची भरपाई नव्हे. क्षमा मिळालेल्या माणसाने सुधारणेसाठी उचललेलं ते पाऊल असतं. यात्रेला जाणाऱ्या मुलांमध्ये हा घोळ होऊ शकतो, म्हणून लिहिलं.

शब्बाथशाळा_बाई

तिघांचेही मनापासून आभार. लेवीय १६ येत्या रविवारी घेते, अब्राहामाचे अध्याय त्यानंतर. घोषणापत्राबद्दल पाळकसाहेबांशी बोलले. कॅथलिक मुलांनाही त्या दिवशी वर्गाला बोलवा, असं त्यांनी स्वतःहून सुचवलं.

फाशीबद्दल विचारणाऱ्या मुलाला मात्र अजून उत्तर द्यायचं आहे. तो मनाने फार सरळ आहे, त्याला वरवरचं काही सांगवत नाही.

पुण्याचा_सेवक

ताई, त्याला आधी सांगा की त्याची हरकत रास्त आहे. तिसऱ्याच कुणाला धरून आणून शिक्षा दिली असती, तर तो अन्यायच ठरला असता. म्हणून दोन वचनं त्याच्यासमोर ठेवा. योहान १०:१८, जिथे येशू म्हणतो की माझा प्राण कुणी माझ्यापासून घेत नाही, मी होऊन तो देतो. आणि २ करिंथ ५:१९, देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःबरोबर समेट करत होता. रागावलेला पिता एका बाजूला आणि मधे पडणारा पुत्र दुसऱ्या बाजूला, अशी फाळणी शास्त्रात नाही. ज्याच्याविरुद्ध पाप झालं, तोच ते सोसतो आहे.

हेही सांगा की क्रूसाने तारण नेमकं कसं होतं, यावर मंडळीने शतकानुशतकं विचार केला आहे. आरंभीच्या काळात मृत्यू आणि सैतानावरच्या विजयावर भर होता. अकराव्या शतकाच्या अखेरीस धर्मशास्त्रज्ञ अन्सेल्मने देवाच्या मानाची भरपाई अशी मांडणी केली. आपल्या बदली सोसलेली शिक्षा ही मांडणी धर्मसुधारणेच्या काळात, विशेषतः धर्मसुधारक काल्व्हिनकडे, ठळक झाली. नायसियाच्या मतांगीकारात एवढंच आहे की तो आम्हा मनुष्यांसाठी आणि आमच्या तारणासाठी आला आणि आमच्यासाठी क्रूसावर खिळला गेला. ‘कसं’ याची एकच मांडणी तिथे सक्तीची केलेली नाही.

त्याला यशया ५३ घरून वाचून यायला सांगा. चौथ्या ते सहाव्या वचनात ‘आमचे’ आणि ‘आम्ही’ किती वेळा येतं, तेवढं खुणा करून आणू दे. पुढची चर्चा त्यालाच सुरू करू द्या.