मदत हवी आहे: फळमाशीच्या चवीत ऑप्सिन – म्युटंट आणि साध्या माशीत फरकच दिसत नाही

मंदप्रकाश:
२०२० साली 'करंट बायॉलॉजी'त आलेल्या कामानुसार फळमाशीला ॲरिस्टोलोकिक आम्ल या वनस्पतीजन्य पदार्थाचा कडूपणा ओळखायला आरएच१, आरएच४ आणि आरएच७ ही तीन ऑप्सिनं (एरवी डोळ्यात उजेड टिपणारी प्रथिनं) लागतात, आणि या कामात उजेडाचा संबंध नाही. तोच परिणाम निना-ई आय१७ या म्युटंटवर दाखवायचा आहे; निना-ई हे आरएच१चं जनुक, ते बिघडल्याने या माशीत आरएच१ अजिबात नसतं. चाचणी सोंड बाहेर काढण्याची: गोड लागलं की माशी सोंड काढते, कडू लागलं की आवरते. आम्ल डीएमएसओ या द्रावकामध्ये १० मिलिमोलर करून ठेवलंय, त्यातून १०० मिलिमोलर साखरेत १ मिलिमोलर केलं. कंट्रोल म्हणून नुसती साखर. साध्या माश्या आणि म्युटंट, दोन्ही सारख्याच सोंड आवरून घेतात.

आणखी दोन अडचणी. लेबेलमच्या (सोंडेच्या टोकाच्या) आरटी-पीसीआरमध्ये, म्हणजे तिथे जनुक चालू आहे का ते पाहणाऱ्या चाचणीत, निना-ईचा पट्टा येतो, पण तो डोळ्यातून आलेला नाही हे कसं दाखवायचं? आणि ऑप्सिनची वासातली भूमिका तपासायला हेच आम्ल चालेल का?

सोंडपाहणी:
फरक दिसणारच नाही, कारण तुम्ही नेमकी चुकीची मात्रा घेतली आहे. ऑप्सिनचं काम इथे इशारा वाढवण्याचं: ऑप्सिन, मग जीक्यू प्रथिन, मग नॉर्प-ए हे फॉस्फोलायपेज सी प्रकारचं विकर, आणि शेवटी चेतापेशीच्या पटलातली टीआरपीए१ ही आयन-वाहिनी. थोड्याशा आम्लाने वाहिनी आपणहून उघडत नाही, तिथे ही साखळी लागते. आम्ल जास्त झालं की ते थेट टीआरपीए१च उघडतं आणि ऑप्सिन असो-नसो, माशीला कडू लागतंच. १ मिलिमोलरला तुम्ही ऑप्सिनला वळसा घालून पुढे गेलात. ०.१ मिलिमोलरच्या आसपास उतरा.

दुसरी चूक डीएमएसओची. १० मिलिमोलरमधून १ मिलिमोलर करताना डीएमएसओ १० टक्के गेलं, आणि कंट्रोलमध्ये शून्य! शिवाय साखरही ९० मिलिमोलरवर आली. सोंड कशामुळे आवरली ते यातून कळत नाही. असं करा: आम्लाचा रेणुभार सुमारे ३४१.३, म्हणजे १०.२ मिलिग्रॅम १ मिलिलिटर डीएमएसओत विरघळवलं की ३० मिलिमोलर. त्यातून डीएमएसओतच १० आणि ३ मिलिमोलर करा. प्रत्येकातलं १० मायक्रोलिटर, ९९० मायक्रोलिटर साखरेत. ०.३, ०.१, ०.०३ मिलिमोलर मिळेल, डीएमएसओ सगळीकडे १ टक्का. कंट्रोलमध्येही तेवढंच डीएमएसओ. पाण्यात पडताच आम्ल कधीकधी साका धरतं, म्हणून ट्यूब उजेडासमोर धरून पाहा. गढूळ दिसली तर ती मात्रा खोटी आहे. पावडर मूत्रपिंडाला घातक आणि कर्करोगकारक आहे. हातमोजे, मास्क, आणि वजन फ्यूम हूडमध्येच.

माशी बसवण्याचं: १८ ते २४ तास ओल्या टिश्यूवर उपाशी, मग बर्फावर गुंगवून पिपेटच्या २०० मायक्रोलिटरच्या टिपात, डोकं तेवढं बाहेर. दमट डब्यात तास-दोन तास सावरू द्या. आधी पोटभर पाणी पाजा, नाहीतर तहानलेली माशी कशालाही सोंड काढते. टिश्यूची बारीक वात वळून ती फक्त लेबेलमला टेकवा. पायाला लागली तर पायाची चव मिसळते, पिऊ दिलंत तर घशातली. पूर्ण सोंड १, अर्धवट ०.५, काहीच नाही तर ०. दोन चाचण्यांमध्ये पाण्याने पुसा. सुरुवातीला किंवा शेवटी नुसत्या साखरेला जी माशी सोंड काढत नाही ती मोजू नका. आणि ट्यूबवर नावं नकोत, आकडे दुसऱ्या कोणाकडून टाकून घ्या.

जनुकवेल:
पीसीआरबद्दल. एका डोळ्यात सुमारे ८०० नेत्रिका, आणि प्रत्येकीतल्या आठपैकी सहा प्रकाशपेशी आरएच१ने ठासून भरलेल्या. लेबेलमच्या एका पाळीवर चवीचे केस जेमतेम ३१. त्यामुळे चिमट्याला चिकटलेला डोळ्याचा कण सगळा निकाल फिरवतो. तीन गोष्टी करा: दर दहा माश्यांनी नवं पातं, प्रायमर इंट्रॉनच्या (जनुकातल्या, आरएनएतून कापून टाकल्या जाणाऱ्या तुकड्याच्या) दोन्ही बाजूंना, आणि त्याच नमुन्यावर शाओप्टिनसारखं प्रकाशपेशींचं जनुकही चालवा. तेही उमटलं तर नमुना बाद. याहून पक्का मार्ग म्हणजे जीएमआर-हिड माश्या. त्यांचे संयुक्त डोळेच मरतात, तरीही पट्टा आला तर तो डोळ्यांचा नाही.

खरा पुरावा मात्र म्युटंटमध्ये जनुक परत बसवण्याचा. जीआर६६ए-गॅल४ने (ठरावीक पेशींतच जनुक चालू करणाऱ्या साधनाने) फक्त कडू चवीच्या चेतापेशींत निना-ई घाला; ०.१ मिलिमोलरला आवरणं परत आलं पाहिजे. सोबत कॅफिन ठेवा. त्याची चव जीआर या चवीच्या ग्राहींमधून जाते, टीआरपीए१ लागत नाही. म्युटंट कॅफिनलाही बधिर असेल तर दोष ऑप्सिनचा नाही, तुमच्या वंशाचा. तो टाळायला कंट्रोल वंशाशी पाच-सहा पिढ्या परत संकर केलेले असावेत.

पाल्पवाचक:
वासासाठी हे आम्ल चालणार नाही. ते उडत नाही, माशीपर्यंत वास पोचतच नाही. उलट तुमच्या चवीच्या निकालात वास मिसळला नाही हे दाखवायला भृंगिका आणि पाल्प (तोंडाजवळचं वास घेणारं अंग) काढून तीच चाचणी एकदा करा.

वासाच्या बाजूला दुवा आहे तो नॉर्प-एचा. १९९५ साली दिसलं की नॉर्प-ए नसलेल्या माश्यांत मॅक्सिलरी पाल्पचा (याच पाल्पचा) वासाला प्रतिसाद घटतो, भृंगिकेचा मात्र शाबूत राहतो. यावरून लगेच ऑप्सिनवर उडी मारू नका. कीटकांचे वासग्राही ओआर ऑप्सिनच्या कुळातले नाहीत. पटलात ते उलटे बसतात, नत्र-टोक पेशीच्या आत, आणि स्वतःच वाहिनीचं काम करतात. पाल्पवर काही करायचंच तर इलेक्ट्रोपाल्पोग्राम (पाल्पच्या विद्युत प्रतिसादाची नोंद) घ्या आणि प्रत्येक ऑप्सिन म्युटंट नॉर्प-एच्या शेजारी ठेवा.

मंदप्रकाश:
मात्रेचं आणि डीएमएसओचं लक्षात आलं, नवी मालिका लावतो. एकच विचारायचं राहिलं. उजेड लागत नाही हे दाखवायला कॅरोटिनॉइड (ऑप्सिनचं उजेड टिपणारं रंगद्रव्य ज्यापासून बनतं ते) नसलेल्या खाद्यावर वाढवलेल्या माश्या चालतील का?

सोंडपाहणी:
त्यातला नकारात्मक निकाल तुम्हाला वाचताच येणार नाही. रंगद्रव्याअभावी आरएच१ नीट पक्वच होत नाही, डोळ्यातही त्याचं प्रमाण कोसळतं. मग चव गेली ती उजेड पकडता न आल्यामुळे की प्रथिनच नसल्यामुळे? त्यापेक्षा नेहमीच्या खाद्यावरच्या माश्या रात्रभर काळोखात ठेवा आणि ६६० नॅनोमीटरच्या लाल एलईडीखाली चाचणी घ्या. आरएच१ सर्वाधिक उजेड शोषतं ते शिखर ४८० नॅनोमीटरच्या आसपास आहे, इतक्या लाल प्रकाशात ते जवळपास आंधळंच असतं. तीच तुकडी मग पांढऱ्या एलईडीखाली. हॅलोजन दिवा नको, तापतो, आणि आरएच१ अळीत तापमान ओळखायलाही लागतं, हे २०११ पासून ठाऊक आहे.