विशेष शिक्षणाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम निवडताना प्रात्यक्षिकांचा दर्जा कसा जोखावा?

नमस्कार. मी सर्वसाधारण शाळेत प्राथमिक वर्गांना आठ वर्षे शिकवत आले आहे आणि आता विशेष शिक्षणात पदव्युत्तर पदवी घ्यायचे ठरवले आहे. दोन अभ्यासक्रम समोर आहेत, निर्णय होत नाही आणि प्रवेशाची मुदत तीन आठवड्यांत संपते. या क्षेत्रात शिकलेल्या, शिकवणाऱ्या किंवा प्रत्यक्ष काम करणाऱ्या मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

पहिल्या अभ्यासक्रमात अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, दृष्टिदोष, श्रवणदोष, बहुविकलांगता असे सगळेच येते. मात्र प्रात्यक्षिके शेवटच्या सत्रात आणि तीही दर तीन आठवड्यांनी शाळा बदलत करायची आहेत. दुसरा अभ्यासक्रम स्वमग्नता आणि बौद्धिक अक्षमता यांपुरताच आहे, पण त्यात पहिल्या महिन्यापासून वर्षभर एकाच वर्गात, त्याच मुलांबरोबर काम करायचे असते.

माझा कल दुसऱ्याकडे आहे. गेल्या वर्षी माझ्या वर्गात नऊ वर्षांचा एक मुलगा होता. फळ्यावरचे उतरवून घ्या म्हटले की तो बाकाखाली जाऊन बसायचा आणि बाहेर काढायला गेले की लाथा झाडायचा. एका पुस्तकात वाचून मी वहीत तीन रकाने आखले: आधी काय घडले, त्याने काय केले, त्यानंतर काय झाले. दोन आठवड्यांच्या नोंदी एकत्र वाचल्यावर लक्षात आले की प्रत्येक वेळी शेवटी त्याला वर्गाबाहेर बसवले जात होते. म्हणजे ज्या लिखाणाची त्याला धास्ती होती, त्यातून त्याची सुटका आम्हीच करून देत होतो. मग मी फळ्यावरचा मजकूर कागदावर लिहून त्याच्या शेजारी ठेवू लागले आणि बाकाखाली जाणे जवळजवळ थांबले. महिन्याभराने गणिताच्या तासाला तेच पुन्हा सुरू झाले. मी काम सोपे करून दिले होते, पण ‘मला जमत नाही, मदत करा’ हे सांगायचे कसे, ते त्याला शिकवलेच नव्हते. त्रासदायक वर्तनातून मूल जे मिळवू पाहते, ते मागण्याची सोपी रीत त्याला शिकवली तर ते वर्तन कमी होते, हे कार आणि ड्युरंड या संशोधकांनी १९८५ मध्येच दाखवले होते. मला ते फार उशिरा कळले. एखाद्या अनुभवी विशेष शिक्षिकेने माझी वही पाहिली असती, तर तिने हे पहिल्याच आठवड्यात सांगितले असते. माझ्या अपुऱ्या तयारीची झळ त्या मुलाला बसली, याची बोचणी अजून आहे.

म्हणून माझ्या शंका मुख्यतः पर्यवेक्षणाविषयी आहेत. मार्गदर्शक वर्गात स्वतः येऊन बसतात का, सत्रभरात किती वेळा, आणि निरीक्षणानंतर त्याच दिवशी बोलतात की महिन्याअखेरीस फक्त शेरा लिहितात? मुलाच्या मूल्यमापनापासून वैयक्तिक शिक्षण आराखडा तयार करणे, तो पालकांसमोर मांडणे, काही महिन्यांनी नोंदी पाहून तो बदलणे, हा सगळा प्रवास विद्यार्थ्याला एका तरी मुलाबरोबर पूर्ण करायला मिळतो का? संस्थेला हे विचारताना आपण आणखी काय विचाराल? माहितीपत्रकात केवळ प्रात्यक्षिकांचे तास दिलेले असतात आणि त्या आकड्यावरून मला काहीच ठरवता येत नाही.

सिद्धान्ताला मी कमी लेखत नाही. सर्व मुलांना सर्वसाधारण शाळेत सामावून घ्यावे असे सांगणारे १९९४ चे सालामांका निवेदन किंवा संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारातील शिक्षणविषयक २४ वे कलम माहीत असेल, तर मुलाला वर्गातून काढू नका हे शिक्षक हक्काच्या भाषेत सांगू शकतो.

दुसऱ्या अभ्यासक्रमाबद्दल एकच भीती वाटते. मुले एकेका निदानाच्या चौकटीत बसत नाहीत. स्वमग्न मुलाला ऐकू कमी येत असेल, तर मी काय करणार? पण पहिल्या अभ्यासक्रमात एकेका शाळेत मिळणाऱ्या तीन आठवड्यांत ब्रेल किंवा सांकेतिक भाषा येत नाही, हेही तितकेच खरे; सांकेतिक भाषा ही स्वतःचे व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे. तेव्हा पहिल्या अभ्यासक्रमातून मिळणारी व्यापक ओळख नंतर कामी येते का, की एका क्षेत्रात पाया पक्का करून बाकीचे वाचा-उपचारतज्ज्ञ, व्यवसायोपचारतज्ज्ञ आणि इतर सहकाऱ्यांकडून शिकणे अधिक शहाणपणाचे, याबद्दल दोन्ही प्रकारचे शिक्षण घेतलेल्यांनी आपला अनुभव सांगावा.

शेवटचा प्रश्न प्रबंधाविषयी. मला मोठे सर्वेक्षण करायचे नाही. तीन-चार मुलांबरोबर वेगवेगळ्या वेळी उपाय सुरू करून प्रत्येकाच्या प्रगतीचा आलेख तुलनेसाठी ठेवायचा आहे. वाचनासारखे कौशल्य एकदा आले की परत काढून घेता येत नाही, त्यामुळे उपाय मध्येच थांबवून परिणाम तपासण्यापेक्षा ही पद्धत मला योग्य वाटते. पदव्युत्तर पातळीवर मार्गदर्शक असा एकल-विषय आराखडा (ज्यात गटाऐवजी एकेका मुलाच्या प्रगतीचा अभ्यास होतो) सहसा मान्य करतात का, आणि आपण केला असल्यास उपाय सुरू करण्यापूर्वीच्या नोंदी घ्यायला किती दिवस दिले?