मदत हवी आहे: श्रीखंडाच्या डबीवरचे आकडे कसे वाचायचे?
नमस्कार मंडळी. आमच्या बाबांना शुगर आहे. धाकट्यानं आर्वीहून श्रीखंडाची डबी आणली, अन् बाबा म्हणतात, "दह्याचंच तर आहे, काहून नाही खायचं?"

चष्मा लावून मागचे मुंगीएवढे आकडे वाचले. १०० ग्रॅममागे प्रोटीन ६, साखर ४०. डबी २०० ग्रॅमची, म्हणजे अख्खी संपवली तर ८० ग्रॅम साखर! (अन् बाबा अर्धी ठेवणाऱ्यातले नाहीत.)

'टोटल शुगर' अन् 'ॲडेड शुगर' असे दोन आकडे वेगवेगळे दिलेत. दुधातलं लॅक्टोज (दुधाची मूळची साखर) पहिल्यात येते, एवढं समजलं. पण शुगरवाल्यानं धरायचा कोणता? की सरळ कार्बोहायड्रेटचाच? कोणी आहारतज्ज्ञ असेल तर सांगा. तोवर डबी शेजारच्या काकूंच्या फ्रिजमध्ये लपवली आहे.