टमी टकचा खर्च: पुण्यात कोटेशनमध्ये एवढा फरक कशामुळे?

टमी टक, म्हणजे पोटाची जादा कातडी काढून फाकलेले स्नायू शिवायची शस्त्रक्रिया, करायची आहे. वय ३८, दोन सिझेरियन, वजन वर्षभर स्थिर, शुगर-बीपी नाही, आणखी मूल नको. पोटाचे स्नायू मधोमध फाकलेत, सोनोग्राफीत ४ सेंमी अंतर आणि बेंबीजवळ छोटा हर्निया. फिजिओथेरपी नेमाने केली. कंबरदुखी कमी झाली, पण लोंबणारी कातडी व्यायामाने जात नाही, हे एव्हाना कळलंय. त्यामुळे "चालायला जा" हा सल्ला कृपया नको.

एका ठिकाणी १ लाख ७० हजार सांगितले, दुसरीकडे ३ लाख १० हजार. दोघेही एमसीएच (सर्जरीतली वरची पदवी) झालेले प्लास्टिक सर्जन. स्वस्त कोटेशनमध्ये भूलतज्ज्ञांची फी, कॉम्प्रेशनचा पट्टा आणि कॉस्मेटिक सर्जरीवरचा १८ टक्के जीएसटी धरलाय का, विचारलं तर "पॅकेज आहे हो मॅडम" एवढंच उत्तर. महागड्यात कडेचं लायपोसक्शनही (नळीने चरबी शोषून काढणं) धरलंय, जे मला खरंच हवंय का तेच ठरत नाहीये.

विमा कंपनी म्हणते, टमी टकला नाही, पण हर्नियाचा क्लेम पाठवा, बघू. मेडिक्लेम जुना आहे, वेटिंग पीरियड संपलाय. बजेट जास्तीत जास्त अडीच लाख. ईएमआय नको.

ज्यांनी हर्निया आणि टमी टक एकाच वेळी करून घेतलंय त्यांना विचारायचंय: हॉस्पिटलने दोन वेगळी बिलं दिली का, आणि विम्याने त्यातलं नेमकं काय दिलं? खोलीभाडं आणि भूल कुठल्या बिलात गेली? आणि नंतर टाक्यात पाणी साचलं किंवा कडेला कातडीचा फुगवटा राहिला, तर त्याचे पैसे वेगळे लागले का?