जुन्या बाजारात मिळालेला घोडेस्वार: हा ‘ब्रेडो’ कोण?

पेठेतली_मुक्ता:
गेल्या रविवारी जुन्या बाजारात पितळी कंदील बघायला गेले आणि घेऊन आले एक जर्मन घोडेस्वार. चौकटीत शिरलेली वाळवी कागदाच्या कोपऱ्यापर्यंत पोचलीय, पण रंग शाबूत आहेत. पांढरा डगला, पिवळी कॉलर, छातीवर पोलादी पत्रा, मागे धूर आणि पडलेले घोडे. खाली जर्मन वळणाची अक्षरं: ‘ब्रेडो’, १६ ऑगस्ट १८७०. विकणारे काका ठामपणे म्हणाले, “नेपोलियन आहे, साडेचारशे.” शेवटी तीनशेला दिला नेपोलियन. जालावर शोधलं तर ब्रेडो आडनावाचे डझनभर लष्करी लोक निघाले. यातला माझा कुठला?

खडकीचा_खवय्या:
तारखेवरून मार्स-ला-तूरची लढाई, फ्रान्स-प्रशिया युद्ध. आपल्या नेसरीसारखा प्रकार. प्रतापराव गुजर सहा जणांना घेऊन बहलोलखानावर तुटून पडले, तसाच हा तोफांवर गेला. वेडा माणूस. बाकी लगामकाका सांगतील.

लगामकाका:
आलो. उभी हयात पोरांना घोड्यावर बसवण्यात गेली, त्यामुळे सुरू झालो की आवरत नाही, आधीच सांगतो.

पिवळी कॉलर म्हणजे सातवी क्युरासिए रेजिमेंट, चिलखत घालणारं जड घोडदळ. बिस्मार्क जो गणवेश घालून मिरवायचा, तो हाच. तुझा ब्रेडो म्हणजे प्रशियाच्या घोडदळातला अधिकारी आडाल्बर्ट फॉन ब्रेडो. जन्म १८१४, ब्रांडेनबुर्गमधल्या ब्रीझेनचा, जुन्या सरदार घराण्यातला. १८९० साली गेलाही तिथेच. १८६६ला ऑस्ट्रियाविरुद्ध घोडदळाची ब्रिगेड सांभाळली. एवढी लांब नोकरी, पण लोकांच्या लक्षात राहिली एकच दुपार.

खवय्या, वेडा मात्र म्हणू नकोस. सेनापती बाझेनची फ्रेंच फौज मेत्झ शहराहून पश्चिमेला व्हेर्दांकडे निघाली होती आणि प्रशियाच्या जनरल आल्व्हेन्सलेबनची एकटी कोअर, म्हणजे काही डिव्हिजनांची फौज, तिच्या वाटेत आडवी पडली होती. दुपारी दोनपर्यंत त्याचं पायदळ पार पिचलं, राखीव काही उरलं नाही, आणि फ्रेंच सेनानी कानरोबेरच्या तोफा आग ओकत होत्या. हुकूम आला: त्या तोफा गप्प करा. ब्रेडोकडे सातवी क्युरासिए आणि भालाईतांची सोळावी उलान अशा दोन रेजिमेंट. त्यांच्या आठ तुकड्यांपैकी दोन जंगलावर नजर ठेवायला गेल्या, उरल्या सहा. म्हणजे साधारण आठशे स्वार.

आता गंमत बघा. गडी उघड्या रानातून गेलाच नाही. व्हिऑनव्हिलच्या उत्तरेला जमिनीत एक लांबट खळगा आहे. त्यातून ब्रिगेड नेली, वर धुराचा आडोसा. फ्रेंचांना स्वार दिसले तेव्हा फार उशीर झाला होता, घोडे तोफांत घुसलेच.

घात झाला तो पुढे. तोफा ओलांडल्यावर लगाम खेचायला हवा होता. पण कोण खेचणार? एकदा माझी नऊ घोडी शिकाऊ पोरांसकट उधळली. शिट्ट्या मारून माझं तोंड सुकलं, एक थांबेल तर शपथ. दमली तेव्हाच थांबली. इथे तर आठशे! धापा टाकणाऱ्या त्या घोड्यांवर ताजं फ्रेंच घोडदळ कोसळलं. जवळजवळ निम्मे स्वार मेले, जखमी झाले नाहीतर पकडले गेले. घोडी चारशेच्या आसपास गेली, आणि त्यांचं कुणी नावही काढत नाही.

तोफा गप्प झाल्या, आल्व्हेन्सलेबनला दम खायला मिळाला. बाझेन व्हेर्दांला पोचलाच नाही. मेत्झमध्ये कोंडला गेला आणि ऑक्टोबरअखेर शरण आला. माझा राग वेगळाच आहे. पुढची चाळीस वर्षं युरोपातले घोडदळवाले ही एक दुपार दाखवून सांगत राहिले, “बघा, घोड्याचा हल्ला अजून चालतो.” खळगा आणि धूर सोयीस्कर विसरले.

खडकीचा_खवय्या:
मग नेसरीची तुलना मागे घेऊ का?

लगामकाका:
अर्धी घे. प्रतापरावांना महाराजांचा बोल लागला होता, ते त्या तिरमिरीत गेले. हा हुकमावर गेला आणि जागा बघून गेला. शिवाय जिवंत परतला. १८८९ साली घोडदळाच्याच चौथ्या ड्रॅगून रेजिमेंटला त्याचं नाव दिलं, तेव्हा म्हातारा हयात होता.

मुक्ता, चित्रात कोपऱ्यात कुणी तुतारीवाला आहे का बघ. परतल्यावर उरलेल्यांना गोळा करायला त्याने तुतारी फुंकली तर नुसता घोगरा, चिरका आवाज निघाला. गोळीने तिला भोक पडलं होतं, असं सांगतात. एका जर्मन कवीने त्यावर कविताही केली.

पेठेतली_मुक्ता:
काच पुसून आत्ताच पाहिलं. डाव्या कोपऱ्यात एक जण आहे आणि त्याच्या तोंडाशी तुतारीच आहे! भोक आहे, पण ते गोळीचं की वाळवीचं, हे काही कळत नाही.