विनोदी विज्ञान कादंबरी गटाने वाचायची आहे: कोणती घ्यावी, कशी वाचावी?

पानखूण

नमस्कार मंडळी,

आमचा सात जणांचा वाचनगट आहे. जुनी मैत्री, पण आता सगळे वेगवेगळ्या गावी, दोघं तर परदेशात. दर रविवारी तासभर व्हिडिओ कॉलवर भेटतो. लागोपाठ चार गंभीर पुस्तकं झाली. शेवटचं इतकं जड होतं की कॉल संपताना कुणालाच बोलावंसं वाटेना. म्हणून आता हसवणारं काहीतरी घ्यायचं ठरलंय, आणि दोघांच्या हट्टामुळे ते विज्ञानकथेतलं हवं.

अडचणी सांगते. एक मित्र विज्ञानकथांना हातच लावत नाही, त्याला ते परीक्षेच्या पुस्तकासारखं वाटतं. एक मैत्रीण सावकाश वाचते, आठवड्याला पन्नास पानं म्हणजे तिची हद्द.

पण खरी काळजी वेगळीच आहे. मागे एकदा विनोदी कादंबरी घेतली होती, ती तिसऱ्या आठवड्यात बंद पडली. सगळे आपापलं वाचून यायचे आणि कॉलवर "ते वाक्य भारी होतं ना?" "हो, भारी होतं" यापुढे गाडी जायची नाही. एका उत्साही मित्राने तर सगळी चांगली वाक्यं आधीच ग्रुपवर टाकली. शेवटी एक मैत्रीण म्हणाली, "तुम्ही सगळे हसता, मला हसू येत नाही, माझंच काहीतरी चुकतंय असं वाटतं." ते अजून मनात राहिलंय.

पुस्तक सुचवा, आणि विनोदी पुस्तकावर गटाने बोलायचं तरी काय तेही सांगा. इंग्रजी किंवा इंग्रजीत अनुवाद झालेलं चालेल.

रात्रवाचक

डोळे झाकून डग्लस अ‍ॅडम्सची 'द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी' घ्या. दोनशेच्या आसपास पानं, पस्तीस प्रकरणं, त्यातली काही तर पान-दोन पानांची. सावकाश वाचणाऱ्या मैत्रिणीलाही पाच-सहा आठवडे पुरेसे होतील.

सगळ्यात मोठं कारण मात्र वेगळं आहे. ही गोष्ट आधी पुस्तक नव्हतीच. ती बीबीसी रेडिओवरची मालिका होती, पहिला भाग ८ मार्च १९७८ ला ऐकवला गेला. कादंबरी आली १९७९ मध्ये. म्हणजे ही वाक्यं मुळात कानासाठी लिहिलेली आहेत. कुठे थांबायचं, कुठे एक शब्द उशिरा टाकायचा, हे सगळं बोलण्याच्या तालात आहे. डोळ्यांनी भरभर वाचलं तर निम्मी गंमत हातातून निसटते. तुमची आधीची कादंबरी कदाचित तिथेच अडकली असेल.

तर गटात मोठ्याने वाचा. सगळं नको, सगळं वाचायला सहाएक तास लागतील. दर आठवड्याला दोन-तीन उतारे आधी ठरवा आणि ते कुणीच आधी वाचून यायचे नाहीत असा नियम करा. सगळे एकाच क्षणी पहिल्यांदा ऐकतात. वाचणाऱ्याने मात्र एकदा तयारी करावी, कारण लांब वाक्याच्या शेवटी दम संपला की विनोद बसलाच. आणि हसत हसत वाचू नका. मख्ख चेहऱ्याने, सरकारी सूचना वाचावी तसं वाचा.

खिडकीशेजारी

रात्रवाचक, अनुमोदन. आमच्या गटाच्या अनुभवावरून एक तांत्रिक भर घालते.

कॉलवर सगळे माइक बंद करून बसतात, ही आपली सवय. विनोदी पुस्तकाला ती मारक आहे. वाचणारा बोलतोय आणि समोर सहा चौकोनांत फक्त हलणारे खांदे, आवाज शून्य. दोन मिनिटांत त्याचा धीर सुटतो, तो घाई करतो आणि सगळं सपाट होतं. सगळ्यांनी हेडफोन लावा म्हणजे आवाज घुमणार नाही, आणि माइक चालू ठेवा. गोंगाट गाळण्याची सोय असेल तर ती कमीत कमी ठेवा, नाहीतर ती हसूही गाळून टाकते. हसण्याचा आवाज थोडा उशिरा पोचतो, म्हणून वाचणाऱ्याने वाक्यानंतर नेहमीपेक्षा जरा जास्त थांबावं. एवढ्याने आमचे कॉल पार बदलले.

तारकापुंज

मी वेगळं सुचवेन. जॉन स्काल्झीची 'रेडशर्ट्स', २०१२ ची, पुढच्या वर्षी विज्ञानकथांसाठीचा ह्युगो पुरस्कार मिळाला. अंतराळयानावरच्या कनिष्ठ कर्मचाऱ्यांच्या लक्षात येतं की प्रत्येक मोहिमेवर मरतो तो नेमका त्यांच्यातलाच कुणीतरी. भाषा सोपी आहे, संवाद भरपूर. चर्चेला तर खूपच वाव: मुख्य गोष्ट संपल्यावर तीन उपसंहार आहेत, पहिला प्रथमपुरुषी, दुसरा द्वितीयपुरुषी, तिसरा तृतीयपुरुषी. तिथे हसू थांबतं आणि पुस्तक एकदम गंभीर होतं. आमच्या गटात अर्ध्यांना ते फार आवडलं, अर्ध्यांना अजिबात नाही, आणि दोन रविवार त्यावरच गेले.

रात्रवाचक

पुस्तक चांगलंच आहे, पण जो विज्ञानकथा वाचत नाही त्याच्यासाठी पहिलं म्हणून नको. दूरचित्रवाणीवरच्या अंतराळमालिकांचे संकेत माहीत असले तरच त्यातली थट्टा कळते. हिचहायकर्सला तसली पूर्वतयारी लागत नाही. सुरुवात होते ती रस्त्यासाठी घर पाडायला आलेल्या बुलडोझरपासून. हे कुणालाही कळतं.

दुभाषी

अजून स्तानिस्वाफ लेमचं नाव कसं आलं नाही? पोलिश लेखक. 'द सायबेरियाड' हा १९६५ चा कथासंग्रह, मायकेल कँडेलने केलेला इंग्रजी अनुवाद १९७४ चा. कादंबरी नाही, पण तुमच्या गटाला कथा जास्त सोयीच्या पडतील असं मला मनापासून वाटतं. एक कथा, एक रविवार. कुणी एखादा कॉल चुकवला तरी मागे पडत नाही.

त्रुर्ल आणि क्लापाउसियस असे दोन यंत्रनिर्माते आहेत, स्वतःही यंत्रंच, मित्र आणि प्रतिस्पर्धी. पहिल्याच गोष्टीत त्रुर्ल असं यंत्र बनवतो की ते 'न' या अक्षराने सुरू होणारी कुठलीही वस्तू तयार करतं. मित्र परीक्षा घ्यायला येतो आणि शेवटी सांगतो, आता 'नाहीपण' तयार कर. पुढे काय होतं ते सांगत नाही, पण हसता हसता अंगावर काटा येतो.

मला या गोष्टीचं विशेष प्रेम आहे ते भाषेमुळे. पोलिशमध्ये 'काही नाही'चा शब्द न ने सुरू होतो, इंग्रजीतही, आणि मराठीत तर नाही, नको, नसणं, सगळेच न चे. म्हणजे ही गोष्ट मराठीत जशीच्या तशी उतरू शकते. आम्ही गटात मोठ्याने वाचल्यावर प्रत्येकाने यंत्राला द्यायच्या मराठी वस्तूंची यादी केली: नभ, नदी, नांगर, नथ, निद्रा, नवस. मग वाद सुरू झाला, नवस ही वस्तू आहे का? निद्रा यंत्राने कशी बनवायची? आणि लक्षात आलं की गोष्टीतही नेमका हाच वाद आहे.

त्याच्याच 'द स्टार डायरीज'मधला सातवा प्रवासही घ्या. इयोन तिखी यानात एकटा, सुकाणू मोडलंय, दुरुस्तीला दोन माणसं लागतात. यान कालभोवऱ्यात सापडतं आणि त्याला सोमवारचा तो, मंगळवारचा तो, असे स्वतःचेच अवतार भेटायला लागतात, आणि ते मदत करायचं सोडून भांडतात. सात जण आहात ना? प्रत्येकाने एकेका वाराचा तिखी वाचा. यापेक्षा चांगला रविवार मला माहीत नाही.

पानखूण

किती मनापासून लिहिताय सगळे! दुभाषी, ती सात जणांची कल्पना वाचूनच दोघांनी होकार कळवला.

पण माझा दुसरा प्रश्न अजून तसाच आहे. ज्या मैत्रिणीला हसू आलं नाही, तिचं काय? मोठ्याने वाचलं तर तिला जास्तच एकटं वाटेल अशी भीती वाटते.

संथगती

याला नीट उत्तर देतो, कारण आमच्या गटात हे झालंय.

'हसू आलं का?' हा प्रश्नच चर्चेतून काढून टाका. त्याऐवजी विचारा, 'इथे काय घडवलंय?' हे विचारलं की न हसलेलं माणूसही बोलू शकतं. कित्येकदा तेच सगळ्यात नेमकं बोलतं, कारण ते वाहून गेलेलं नसतं.

हिचहायकर्सच्या सुरुवातीचं उदाहरण घ्या. नायक आर्थरचं घर पाडायचंय. अधिकारी म्हणतो, आराखडा नऊ महिने पाहायला ठेवला होता. कुठे? तळघरात, बंद कपाटाच्या तळाशी. थोड्या वेळाने पृथ्वीच पाडायला व्होगॉन नावाचे परग्रहवासी येतात, आणि तेही म्हणतात, आराखडा पन्नास वर्षं अल्फा सेंटॉरीवर ठेवला होता, चारच तर प्रकाशवर्षं दूर, तुम्ही आला का नाहीत? एकच गोष्ट दोनदा, फक्त माप बदललंय. पहिल्यांदा आपण अधिकाऱ्यावर चिडतो. दुसऱ्यांदा संबंध पृथ्वी त्या घरमालकाच्या जागी उभी असते. इथे बोलायला केवढं आहे! नियम पाळणं आणि अन्याय करणं एकाच वाक्यात कसं बसतं? विरोध करायला वेळ होता असं म्हणणाऱ्याला आपण काय उत्तर देऊ शकलो असतो? आमच्या गटात या दोन पानांवर पन्नास मिनिटं गेली. बोलायला सुरुवात केली ती न हसलेल्या मित्राने. त्याच्या घरच्यांना अशाच एका नोटिशीचा अनुभव होता, म्हणून त्याला हसू येत नव्हतं. आम्हाला ते माहीतच नव्हतं.

तुमच्या मैत्रिणीला विचारा, पण कॉलवर सगळ्यांसमोर नको. आधी एकटीला फोन करा. कारण इंग्रजीच्या वेगाचं असू शकतं, आवडीचं असू शकतं, आणखी काहीही असू शकतं.

आणि त्या उत्साही मित्रासाठी: वाक्यं टाकायला वेगळा गट करा, आठवड्याचं वाचन संपल्यावरच उघडायचा.

खिडकीशेजारी

आणखी दोन गोष्टी, विसरायच्या आत.

हिचहायकर्समध्ये एका महासंगणकाला एक प्रश्न विचारतात आणि तो म्हणतो उत्तराला पंचाहत्तर लाख वर्षं लागतील. त्या आठवड्याचं वाचन बरोबर तिथेच थांबवा. एक आठवडा सगळ्यांनी थांबायचं. ज्यांना उत्तर माहीत आहे त्यांनी चकार शब्द काढायचा नाही. तुमच्या विज्ञानकथा न वाचणाऱ्या मित्राला ते खरंच माहीत नसेल तर तो क्षण त्याच्यासाठी जपा. उत्तर म्हणजे एक आकडा आहे, या धाग्यावरही तो कुणी लिहू नये ही विनंती.

दुसरं, पहिली कादंबरी मध्येच थांबल्यासारखी संपते. मूळ मालिकेच्या पहिल्या चार भागांएवढीच गोष्ट तिच्यात आहे, पुढचं १९८० च्या दुसऱ्या पुस्तकात. हे गटाला सुरुवातीलाच सांगून ठेवा, नाहीतर शेवटचा कॉल विरस होऊन संपतो.

तारकापुंज

रात्रवाचक यांचं पटलं, 'रेडशर्ट्स' दुसऱ्या फेरीला ठेवा. आणि कधी लांब पल्ल्याचं हवं झालं तर कॉनी विलिसची 'टू से नथिंग ऑफ द डॉग'. कालप्रवासी इतिहासकार, व्हिक्टोरियन काळ, नदीवरची होडी, एक मांजर. पण जवळपास पाचशे पानं आहेत, तुमच्या सावकाश वाचणाऱ्या मैत्रिणीला आत्ता नको.

पानखूण

कळवायला आले. ठरलं: आधी हिचहायकर्स सहा आठवडे, मग लेमचा सातवा प्रवास एका रविवारी.

मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, मागच्या वेळी इंग्रजी इतक्या वेगाने जायचं की तिला अर्थ लागेपर्यंत बाकीचे हसून मोकळे व्हायचे, आणि मग विचारायला संकोच वाटायचा. आम्हाला कुणालाच हे सुचलं नव्हतं. आता ठरवलंय की उतारा दोनदा वाचायचा, मधे कुणीही शब्द विचारायचा.

काल पहिला कॉल झाला. पहिला उतारा सगळे नव्याने ऐकतील म्हणून आराखड्याबद्दल कुणाला काही सांगितलं नव्हतं. माइक चालू, हेडफोन लावून पहिल्या तीन प्रकरणांतले घराचे आणि व्होगॉनांचे उतारे मोठ्याने वाचले. दुसऱ्या वाचनात ती मैत्रीणच म्हणाली, "थांबा, हे तर घराचंच परत चाललंय," आणि मग ती एकटीच हसत सुटली, आम्ही तिच्यामागून. विज्ञानकथा न वाचणाऱ्या मित्राने व्होगॉनांची घोषणा वाचली, अगदी मख्खपणे, दोनदाही आवाज हलला नाही. त्याला तो आकडा माहीत नाही, हेही हळूच काढून घेतलंय.

पुढच्या रविवारी व्होगॉन कविता आहे. ती कुणी वाचायची यावरून तिघांत वाद चालू आहे.