मदत हवी आहे: कलकत्त्याच्या जुन्या डी.टी.एम. (उष्णकटिबंधीय रोगांवरची वैद्यकीय पदविका) विद्यार्थ्यांची नावं कुठे मिळतील?

कलकत्ता स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये सुरुवातीच्या काळात शिकलेल्या मराठी डॉक्टरांवर लेख लिहितेय. सर लिओनार्ड रॉजर्स यांच्या खटपटीतून १९१४ साली पायाभरणी झाली, १९२१ मध्ये शिकवणं सुरू झालं, इथपर्यंत पक्कं आहे. अडलंय ते नावांपाशी. आमच्याकडच्या एका बंद दवाखान्याच्या पितळी पाटीवर ‘डी.टी.एम. (कलकत्ता)’ एवढंच वाचता येतं, डॉक्टरांचं नाव पार झिजलंय. फार चुटपुट लागते. ऑनलाइन सापडलेले वार्षिक अहवाल चाळले. त्यांत विद्यार्थ्यांचे आकडे आहेत, नावं नाहीत. कोलकात्याला जाणं जमणार नाही, बंगाली वाचता येत नाही, इंग्रजी चालेल. १९२१ ते १९४० मधल्या उत्तीर्णांची प्रांतवार यादी कोणी पाहिली आहे का, आणि ती पत्रानं मागवायची तर नेमकी कुठून?